जुनी जोडणीची स्पोर्ट्स कार : सौदा करण्यापूर्वी काय तपासावे?

कपड्याच्या व्यापारात आमची तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. ठाण आधी उलट्या बाजूने बघायचे, मग सुलट्या बाजूने. सुलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी असते, उलटी बाजू खरेदीदाराने बघण्यासाठी असते. एवढे माहीत असूनही २००९ साली आम्ही एक गाडी फक्त सुलट्या बाजूने बघितली आणि नुकसानीत आलो. ते नुकसान आमच्या एकट्याचे असते तर गप्प बसलो असतो. पण पैसा पुतण्याचा होता आणि भरोसा त्याने आमच्यावर ठेवला होता. म्हणून हा तजुर्बा वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचा पुतण्या चार वर्षे कुवेतला ए.सी. दुरुस्तीच्या कामावर होता. सुट्टीवर अंजनवेलला आला तेव्हा त्याच्या मनात एक धंदा होता. गुहागर, चिपळूण भागात लग्नाच्या वरातीसाठी दोन सीटची, उघड्या टपाची लाल गाडी भाड्याने द्यायची. एका शहरातल्या गॅरेजमध्ये अशी गाडी विकायला होती. फायबरची बॉडी, आत जुन्या गाडीचे इंजिन. पुतण्या म्हणाला, "चाचा, तुम्ही फक्त भाव करा." आम्ही भाव केला. दोन लाखांवरून एक लाख पासष्ट हजारांवर आणला आणि मोठा सौदा जिंकल्यासारखे घरी आलो. आर.सी. बुक हातात घेतले होते, पण उघडून नीट वाचले नव्हते.

आर.सी. बुकावर १९८८ सालची चार दारांची गाडी होती. पंधरा वर्षांची नोंदणी २००३ ला संपली होती, पुढे पाच वर्षे वाढवलेली मुदतही २००८ ला संपली होती. मुदत वाढवायची म्हणजे गाडी मोटार वाहन निरीक्षकांसमोर उभी करावी लागते. चाळीस हजार रुपये डागडुजीवर घालून आम्ही ती उभी केली. निरीक्षकांनी कागद बघितला, गाडी बघितली आणि विचारले, "कागदावरची गाडी कुठे आहे?" आमच्याजवळ जवाब नव्हता. साहेबांनी काही वावगे केले नाही. कागद एका गाडीचा आणि वस्तू दुसरीच, हे आम्हीच बघायला हवे होते.

ती गाडी आमच्या वाडीत ताडपत्रीखाली चार पावसाळे उभी राहिली. शेवटी सुटे भाग म्हणून बावीस हजारांना गेली. एक लाख त्र्याऐंशी हजारांची खोट बसली. पुतण्याचे लग्न पुढे ढकलले गेले आणि तो दोन वर्षांच्या नव्या करारावर परत कुवेतला गेला. पुढे मिस्त्री, आर.टी.ओ.चे जाणकार आणि फायबरचे कारागीर यांच्याकडे बसून आम्ही हा विषय शिकलो. तो क्रमाने सांगतो.

अशी गाडी म्हणजे काय?

परदेशात काही कारखाने पूर्ण गाडी न विकता तिचे भाग पेटीत भरून विकतात. चासी, फायबरची बॉडी, सीट, काच असे सामान मिळते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे पुष्कळदा एखाद्या जुन्या गाडीचे काढून बसवायचे. त्याला तिकडे किट कार म्हणतात. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही यातली मशहूर गाडी. त्या काळी तिथे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या गाडीवर तो लागत नसे. म्हणून लोक घरी गाडी जोडू लागले. १९७३ साली नवी करपद्धत आली आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन बनवण्याचा हक्क केटरहॅम या कंपनीला दिला. शौक मात्र टिकला. तिथे घरी जोडलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी करून नोंदणी देण्याची सोय आहे.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे गाडी बनवणाऱ्याने नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या संस्थांमध्ये पुण्याच्या ए.आर.ए.आय. आणि सी.आय.आर.टी. तसेच अहिल्यानगरची व्ही.आर.डी.ई. आहेत. नव्या गाडीच्या नोंदणीला विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि रस्त्यायोग्यतेचा दाखला म्हणजे फॉर्म २२ लागतो. घरी किंवा गॅरेजमध्ये जोडलेल्या गाडीला हे दाखले कोण देणार? म्हणून अशी गाडी बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीच्या आर.सी. बुकावर चढवलेली असते. सगळ्या भानगडीचे मूळ इथे आहे.

कारखान्यातून रीतसर निघालेल्या फायबर बॉडीच्या गाड्याही आपल्या बाजूला झाल्या. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन सीटची छोटी गाडी काढली. फायबरची बॉडी आणि रेनॉचे ११४९ सी.सी. पेट्रोल इंजिन. ती थोड्या संख्येने निघाली आणि बंद झाली. पुढे २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डी.सी. अवंती ही स्पोर्ट्स कार दाखवली गेली. तिच्यातही रेनॉचे टर्बो इंजिन होते. या गाड्या किट नव्हेत. पण जुनी घेताना तपासणी जवळपास तीच, कारण बॉडी फायबरची, संख्या थोडी आणि सुटे भाग दुर्मिळ.

पहिली तपासणी : कागद

गाडीला हात लावण्याआधी आर.सी. मागा. झेरॉक्स चालणार नाही. मूळ आर.सी. उजेडात घेऊन एकेक ओळ गाडीशी ताडून बघा. गाडीचा मेक, बॉडीचा प्रकार, सीटची संख्या, रंग, इंधन, रिकाम्या गाडीचे वजन, इंजिन नंबर, चासी नंबर. आर.सी.वर चार सीटची सलून आणि समोर दोन सीटची उघडी गाडी असेल तर तिथेच सलाम करून निघावे.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने गाडीत करू नये. इंधनासाठी मान्यताप्राप्त सी.एन.जी. किट बसवण्यासारखे काही बदल आर.टी.ओ.च्या मंजुरीने होतात. पण बॉडीच बदलणे त्यात बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच साली कायद्यातले कलम १८२-अ बदलले. त्याप्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विकणारा म्हणेल, "इतकी वर्षे चालवतोय, कोणी अडवले नाही." त्याला अडवले नाही हे त्याचे नशीब. तुम्हाला अडवतील तेव्हा तो तिथे नसेल.

चासी नंबर डोळ्यांनी वाचून भागत नाही. नंबर खोदला आहे तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उठेल. आर.टी.ओ.त हीच रीत आहे. अक्षरे एका ओळीत, एका उंचीची आहेत का बघा. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याची खूण, वेल्डिंगची शिवण किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर सौदा सोडा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी डी.सी. अवंती गाड्यांबाबत गुन्हा नोंदवला. एकाच गाडीची एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदणी आणि तिच्यावर कर्ज, असे आरोप होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण कारखान्याच्या महागड्या गाडीबाबत हा प्रश्न उठतो, तर गॅरेजच्या गाडीबाबत आपण किती जागे राहिले पाहिजे, ते समजून घ्यावे.

पुढचे कागदही क्रमाने बघा. सरकारच्या वाहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. दंडाची चलने थकली आहेत का तेही बघा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी गोवा किंवा कर्नाटक पासिंगची असेल तर तिकडच्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र म्हणजे फॉर्म २८ लागेल आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागेल. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण करही आहे. ही सगळी रक्कम गाडीच्या किमतीत धरून हिशेब करा.

दुसरी तपासणी : चासी

फायबर गंजत नाही, हे विकणारा अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण फायबरच्या खाली लोखंड आहे आणि ते गंजते. बाहेरून गाडी नवरीसारखी सजलेली दिसते आणि आतून चासी चाळणी झालेली असते. पत्र्याच्या गाडीत गंज वर फुटून दिसतो. फायबरच्या गाडीत तो झाकलेला राहतो, म्हणून जास्त धोका.

अंजनवेल, वेलदूर, दाभोळ या खाडीकाठच्या गावांत तर हा विचार आधी करावा. वाशिष्ठीच्या मुखावर खारा वारा बारा महिने असतो. खिडकीचे गज किती वर्षे टिकतात ते आपण बघतोच. आमच्या गावचा एक मिस्त्री आम्हाला म्हणाला, "शेठ, वरचा रंग बघू नका, खालचं लोखंड वाजवून बघा."

गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. जॅकवर उचलून खाली झोपू नका, जॅक सरकतो. छोट्या हातोडीने चासीचे पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत जा. चांगले लोखंड टणटण बोलते, कुजलेले भद्द बोलते. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबा. खास बघायच्या जागा म्हणजे मागच्या चाकांजवळचे सांधे, पायाखालची पट्टी, बॅटरीचा ट्रे आणि बॉडी जिथे बोल्टने बसते त्या जागा. खालून ताजा काळा डांबरी रंग मारलेला असेल तर विकणाऱ्याला विचारा की हा कधी मारला आणि का मारला. गंज थांबवण्यासाठी मारला की गंज झाकण्यासाठी?

मग मोजपट्टी काढा. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत, चासीच्या सारख्याच जागा धरून तिरके माप घ्या. दोन्ही मापे जुळली पाहिजेत. फरक ठळक असेल तर चासी वाकडी जोडली आहे किंवा अपघातात वाकली आहे. मोजपट्टी तर आपल्या हातातली वस्तू आहे.

वेल्डिंगही बघा. चांगली शिवण एकसारखी, भरीव, मासळीच्या खवल्यासारखी दिसते. गोळे गोळे पडलेले, मध्ये भोके, बाजूला जळलेली धार असेल तर ते हाताला वळण नसलेल्याचे काम. त्या शिवणीवर तुमचा जीव बसणार आहे.

तिसरी तपासणी : फायबरची बॉडी

आम्ही कापडवाले असल्यामुळे हा भाग आम्हाला लवकर समजला. फायबर म्हणजे काचेचे कापडच. काचेच्या धाग्यांची मॅट किंवा ताण्याबाण्याने विणलेले जाड कापड साच्यात ठेवतात आणि त्यावर रेझिन पाजतात. रेझिनमध्ये हार्डनर मिसळलेले असते, त्यामुळे ते कडक होते. सगळ्यात बाहेर चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. जोर धाग्यात आहे, चकाकी जेलकोटात आहे. ठाणाप्रमाणे इथेही उलटी बाजू बघावी लागते.

बोनेटखाली, चाकांच्या कमानीत आणि डिकीत टॉर्च मारून बॉडीची आतली बाजू बघा. धाग्यांवर रेझिन सगळीकडे सारखे बसलेले असावे. पांढरे कोरडे ठिपके दिसले तर तिथे रेझिन पोहोचलेले नाही. पापुद्रे सुटले असतील तर नाण्याने वाजवल्यावर पोकळ, मऊ आवाज येतो. बाहेरून जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर त्या किती खोल आहेत ते आतून बघा. फक्त वरच असतील तर कामचलाऊ दोष आहे. आतपर्यंत गेल्या असतील तर तिथे मार बसला आहे.

दार अर्धे उघडून हळूच वर उचला. खाली-वर हलले तर बिजागरी सैल आहे किंवा बिजागरीभोवतीचे फायबर फुटले आहे. फायबरात दाबलेल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात आणि आतून बॉडी फोडतात. जुनी दुरुस्ती कशी झाली तेही विचारा. घासून, मागच्या बाजूने नवी मॅट आणि रेझिन देऊन केलेले काम टिकते. वरून पुट्टी भरून रंग मारलेले काम पहिल्या खड्ड्यात उघडे पडते.

इथे आपल्या किनाऱ्याचा एक फायदा आहे. आपल्याकडे मासेमारीच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत. हे काम शहरातल्या पुष्कळ डेंटरपेक्षा त्यांना जास्त कळते. गाडी बघायला जाताना अशा एका माणसाला बरोबर न्या. त्याचा दिवसाचा रोज आणि एस.टी.चे भाडे द्या. हा खर्च नाही, विमा आहे.

चौथी तपासणी : कोणता भाग कोणत्या गाडीचा?

विकणाऱ्याला कागद-पेन देऊन यादी करायला सांगा. इंजिन कोणत्या गाडीचे, गिअरबॉक्स, क्लच प्लेट, पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, रेडिएटर, पुढची काच, दिवे कोणत्या गाडीचे. ज्याने गाडी मनापासून जोडली तो ही यादी तोंडपाठ सांगतो आणि बिलांची फाईलही काढून देतो. जो म्हणतो, "कुठलाही पार्ट चालतो," त्याच्याकडून पार्टही घेऊ नये.

पुढच्या काचेकडे खास लक्ष द्या. ती एखाद्या नेहमीच्या गाडीची असेल तर फुटल्यावर दुसरी मिळेल. खास बनवून घेतली असेल तर दुसऱ्या काचेसाठी गाडी महिनोन्‌महिने उभी राहील. कारखान्याच्या पण बंद पडलेल्या गाडीलाही हेच लागू आहे.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. तो मीटर दुसऱ्या गाडीचा असू शकतो आणि त्याचा आकडाही त्याच गाडीचा. गाडी किती चालली ते पेडलच्या रबरावरून, स्टिअरिंगच्या ढिलाईवरून आणि इंजिनच्या आवाजावरून ओळखावे.

पाचवी तपासणी : स्टिअरिंग, ब्रेक आणि पट्टे

स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि दुसऱ्या माणसाला चाकाजवळ बसवून बघायला सांगा. ब्रेकचा रबरी पाइप टायरला किंवा चासीला घासत असेल तर तो एक दिवस फुटेल. टायर एका बाजूने खाल्ले असतील तर चासी किंवा चाकाचे कोन बिघडलेले आहेत.

ब्रेकचा हिशेब नीट समजून घ्या. ब्रेक जड गाडीचे काढून हलक्या गाडीला लावले की पुढच्या आणि मागच्या ब्रेकची जोडी जमतेच असे नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकली तर गाडी गोल फिरते. म्हणून मोकळ्या, सपाट जागी कमी वेगात ब्रेक दाबून बघा. गाडी सरळ थांबली पाहिजे.

सीट बेल्टचे बोल्ट कुठे कसले आहेत ते हात घालून बघा. ते चासीला असले पाहिजेत. नुसत्या फायबरला कसले असतील तर अपघातात पट्टा फायबरसकट उपटून येईल. सीटचे बोल्टही तसेच बघा. पेट्रोलची टाकी घट्ट बसलेली असावी. तिचा पाइप सायलेन्सरच्या पाइपापासून लांब असावा. फायबरमधले रेझिन पेटते, हे विसरू नका. अशा गाडीत आग विझवण्याचा छोटा सिलिंडर ठेवावा.

सहावी तपासणी : वायरिंग आणि पाणी

पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचे काम करते. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंख्याला वेगळी अर्थची वायर लागते. ती कमी जाडीची किंवा गंजलेल्या बोल्टला बांधलेली असेल तर दिवे मंद लागतात, इंडिकेटर दाबला की दुसराच दिवा लुकलुकतो. इंजिन चालू ठेवून सगळे दिवे, वायपर, हॉर्न, पंखा एकाच वेळी लावून बघा. वायर फायबरच्या धारेवरून गेली असेल तर तिथे रबरी नळी आहे का बघा. फ्यूजची पेटी कुठे आहे ते विचारा. विकणाऱ्यालाच माहीत नसेल तर समजून जा.

कोकणात गाडी घ्यायची तर पाण्याची परीक्षाही हवी. कापडी टप लावा आणि वरून चार बादल्या पाणी ओता. पायाखाली पाणी साचले तर ते बाहेर जायला भोके आहेत का? नसतील तर एका पावसाळ्यात चासीचा निकाल लागेल. टपाचे कापड, शिवण आणि बटणे बघायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

सातवी तपासणी : चालवून बघणे

इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन कसे सुरू होते, धूर कोणत्या रंगाचा येतो ते बघा. निळा धूर म्हणजे तेल जळते. मग निदान अर्धा तास चालवा, त्यात चढ हवा. छोट्या बोनेटमध्ये कोंबलेले इंजिन सपाटीवर शांत राहते आणि चढावर तापते. तापमानाचा काटा चढत चढत जात असेल तर परशुराम घाटात पावसात उभे राहण्याची तयारी ठेवा.

गाडीची उंचीही मोजा. या गाड्या जमिनीला टेकलेल्या असतात. आपले गावरस्ते, गतिरोधक आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा उतार, या तीन ठिकाणी पुढचा ओठ आणि सायलेन्सर घासतो का, ते आधी ठरवा. जी गाडी फेरीवर चढत नाही ती खाडीपल्याड जाणार नाही, आणि वरात तिथलीही असू शकते.

धंद्यासाठी घेणाऱ्यांना इशारा

आमच्या पुतण्याची दुसरी चूक इथे होती. खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी, परवाना आणि तसा विमा लागतो. खासगी विम्यावर भाडे करताना अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते आणि बोजा मालकावर येतो. जोडणीच्या गाडीला व्यावसायिक पासिंग मिळेल, ही आशा धरून एक रुपयाही गुंतवू नये.

विमा कंपनीलाही गाडी जशी आहे तशी लेखी सांगा. बदल लपवून घेतलेला विमा हा कागदाचा तुकडा आहे.

सौदा कसा करावा?

बयाणा थोडा द्या आणि पावती घ्या. पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, एकूण किंमत आणि "आर.टी.ओ.त नाव न बदलल्यास बयाणा परत" ही अट लिहून घ्या. तोंडी वचन आणि कच्चा रंग पहिल्या धुण्यात जातात.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन किंवा घेऊन मोकळे होऊ नका. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले आहे की आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे विकणाऱ्यानेही नाव बदलेपर्यंत सुखाची झोप घेऊ नये.

आणि विकणाऱ्या बंधूंना एक अर्ज. मालाचा ऐब सांगून माल विकावा, ही आपल्या व्यापाराची जुनी शिकवण आहे. ठाणात डाग असेल तर आम्ही तो डाग वर काढून दाखवतो आणि भाव कमी करतो. गिऱ्हाईक परत येते. ज्याने आम्हाला ती लाल गाडी विकली त्याच्या दारात आम्ही परत गेलो नाही, आणि आमच्या ओळखीचाही कोणी गेला नाही.

शेवटी

दोन वर्षांपूर्वी गावचा एक तरुण कारागीर आमच्याकडे आला. होड्यांचे फायबर काम करतो. त्याला दुसऱ्या राज्याच्या पासिंगची, कारखान्याची जुनी दोन सीटची गाडी मिळत होती. म्हणाला, "चाचा, तुम्ही एकदा फसलात, म्हणून तुम्हालाच विचारतो." आम्ही तिघे गेलो, तो, मिस्त्री आणि आम्ही. आर.सी. आणि गाडी ओळीने ताडली, जुळली. चासीची छाप घेतली, साफ आली. बॉडी त्याने स्वतः बघितली. मागच्या चाकाजवळ एक पाइप हातोडीखाली भद्द बोलला. मिस्त्रीने दुरुस्तीचा अठरा हजारांचा अंदाज दिला. आम्ही तो विकणाऱ्यासमोर मांडला, त्याने मानला आणि तेवढी किंमत उतरली. ना-हरकत पत्र हातात येईपर्यंत बाकी पैसे दिले नाहीत. आज ती गाडी त्याच्या नावावर, एम.एच. ०८ पासिंगवर आहे. भाड्याने देत नाही. पण जुन्या फायबर गाडीचे काम बघून लोक त्याच्याकडे दुरुस्तीला येऊ लागले आहेत.

कुवेतहून पुतण्याचा फोन आला होता. त्याला हे सांगितले. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "चाचा, आपण पण हातोडी नेली असती तर."

खरे आहे. म्हणून वाचकहो, अशी गाडी बघायला जाताना खिशात एवढे ठेवा : टॉर्च, छोटी हातोडी, मोजपट्टी, पातळ कागद, पेन्सिल आणि एक नाणे. बरोबर एक मिस्त्री आणि एक फायबरचा कारागीर. पैसे मात्र पहिल्या दिवशी घरीच ठेवा.